बांधावरची सवत

माझी एक सवत रुईचं झाड होती. हे मी कुणाला हसवायला सांगत नाही. आमच्या वावराच्या बांधावर ती उभी होती, तिच्या बुंध्याला काळी पोत बांधलेली होती आणि तिचं लग्न मी डोळ्यांनी पाहिलं होतं. झाडाचा कसला आलाय मत्सर, असं मला पुष्कळांनी विचारलं. विचारणाऱ्या बायकांचे नवरे कधी झाडापुढे नवा पटका बांधून लाजत उभे राहिले नसावेत. माझा राहिला होता.

सवत मला नवी नव्हती. मी मुळात दुसरी. पहिली लग्नाच्याच वर्षी तापाने गेली. मला करून आणलं तेव्हा माझ्या पोतीशेजारी तिच्या नावाचा चांदीचा टाक बांधला, तशी आमच्याकडे रीतच आहे. सणाला नैवेद्य आधी तिला, मग आम्ही जेवायचं. सासूबाई होत्या तोवर माझ्या हातच्या वरणाला पहिलीच्या हातची चव नाही म्हणायच्या. ती सहा महिने तरी या घरात नांदली होती की नाही देव जाणे, पण तिचं वरण कधी बिघडलं नव्हतं आणि तिच्या भाकरीला कधी चीर गेली नव्हती. मेलेल्या बाईशी भांडताही येत नाही. मनातल्या मनात जळणं म्हणजे काय ते मी तिच्याकडूनच शिकले.

नंतर बोरीचं प्रकरण निघालं. आमचा मुलूख हैद्राबादेतून मुंबई राज्यात गेला त्यानंतरची ही गोष्ट. मालकांचा शेतीबरोबर सरकी-पेंडीचा बारका धंदा होता आणि त्यासाठी ते बोरी गावाला जायचे. पेंड संपलेली नसतानाही जायला लागले तेव्हा मी कान टवकारले. जाताना मिशीला तेल लागायचं. घरोघर बांगड्या भरायला येणारी कासारीण आमच्या ओसरीवर बसून माझा हात दाबता दाबता म्हणाली की, बोरीत तुमच्या मालकांचं पाणी प्यायचं घर ठरलेलं आहे. त्या घरात एक मुलगी होती. बापाच्या आजारपणात तिचं लग्न लांबलं होतं. कासारणीने हे सांगितलं आणि माझ्या मनगटावर बांगडी फुटली. तिला वाटलं तिच्या हातून फुटली. मीच मूठ आवळली होती.

जिंतूरच्या बाजारात मी तिला पाहिलं. कासारणीनेच लांबून दाखवली. मी कांद्याच्या ढिगाआड उभी राहून तिच्यात खोट शोधत बसले. दात पुढे असतील म्हटलं तर नव्हते. चालीत काही असेल म्हटलं तर तरातरा चालत होती. तिच्या हातातल्या बांगड्या माझ्याच रंगाच्या होत्या, कासारीण एकच ना, पण तिच्या हातात त्या जास्त वाजत होत्या. एखादी तरी खोट सापडली असती तर मी त्या दिवशी जेवले असते.

सुगी सरल्यावर मालकांनी विषय काढला. पोरगा पाहिजे म्हणाले. आम्हाला दोन मुली होत्या, दोघी धडधाकट. पोराचं निमित्त होतं हे मला कळत होतं आणि मला कळतंय हे त्यांना कळत होतं. मी तोवर ऐकून होते की आता नवा कायदा आला आहे, एक बायको असताना दुसरी करता येत नाही. माझा भाऊ जिंतूरला कचेरीसमोर पानाची टपरी चालवायचा, त्याच्याकडून कळलं होतं. मी तसं बोलून दाखवलं. त्यावर सासरे हसले.

सासऱ्यांचा कायद्याचा हिशोब सरळ होता. निजामाच्या काळात वऱ्हाडातून कापड आणि साखर आणायची तर करोडगिरीच्या नाक्यावर जकात भरावी लागे. सासऱ्यांनी ती जन्मात भरली नाही. रानातल्या वाटेने गाडी काढायचे. ते सांगताना छाती पुढे यायची, आणि ऐकणारे मान डोलवायचे. त्याच सासऱ्यांनी एकदा खळ्यावरून ज्वारीचं एक कणीस उचलणाऱ्याला झाडाला बांधलं होतं. त्यांच्या लेखी सरकारची मनाई ही एक गोष्ट आणि गुन्हा ही दुसरी गोष्ट. ते मला म्हणाले, "सरकार मनाई करतंय, करू दे. लगीन काय चोरी हाय का? वाजतगाजत लावायलाव आमी."

अख्ख्या गावाला हे पटलं. 

एकच अडचण त्यांना दिसली आणि ती कायद्याची नव्हती. मुलगी तिसरी ठरत होती. तिसरं लग्न माणसाला लाभत नाही असं आमच्याकडे पक्कं मानतात. एक तर नवरा जातो, नाहीतर ती तरी जाते. त्यावर तोड अशी की तिसरं लग्न रुईशी लावायचं. मग नवऱ्याने आपल्या हाताने ती रुई मुळासकट उपटायची. तिसरीचं जे काही वाईट असेल ते तिच्याबरोबर जातं आणि घरात येणारी बाई चौथी ठरते. भटजींनी एका शनिवारी रुईचं लग्न सांगितलं. रुई तिसऱ्या दिवशी उपटायची आणि तिथूनच बोरीला निघायचं असं ठरलं.

त्या शनिवारी मी वावरात कापसाच्या वाळलेल्या पऱ्हाट्या उपटत होते. मला कुणी बोलावलं नव्हतं आणि कुणी हाकललंही नाही. रुईला हळद लावली, पिवळं वस्त्र गुंडाळलं, सूत फिरवलं. रुई शेजारच्या वावराच्या हद्दीवर होती म्हणून त्या वावराचा म्हातारा तिचा बाप झाला आणि त्याने मालकांच्या हातावर पाणी सोडून कन्यादान केलं. अंतरपाट धरला. मंगलाष्टका म्हटल्या. माझ्या लग्नात मालकांना उन्हाने चक्कर येत होती, त्यांनी माझ्याकडे धड पाहिलंही नव्हतं. इथे अंतरपाट दूर झाला तसे ते हसले. झाडाकडे बघून नव्हे, झाडापलीकडे बघून. बोरी त्याच बाजूला होती.

मग त्यांनी खिशातून पोत काढली. भटजी म्हणाले होते की काळ्या दोऱ्यात चार मणी ओवले तरी चालतात. पण ही जिंतूरच्या पटवेकऱ्याकडून रेशमात ओवून आणलेली, दोन सोन्याच्या वाट्यांची पोत होती. रुईला बांधून मग काढून घ्यायची आणि तीच बोरीच्या मुलीच्या गळ्यात घालायची, असा बेत. माझ्या पोतीचा दोरा तुटून वर्ष झालं होतं. मी गाठ मारून वापरत होते. पटवेकऱ्याकडे जायचं म्हटलं की मालकांना पेंडीचं काम निघायचं. माझ्या हातातली पऱ्हाटी तशीच हातात राहिली. त्या क्षणी मला कुणाचं तरी वाईट व्हावंसं वाटलं, आणि ते कुणाचं हे ठरवायला वेळ लागला नाही.

दुसऱ्या दिवशी मुलींना शेजारी ठेवलं आणि सकाळच्या मोटारीने जिंतूरला गेले. भाऊ मला एका वकिलाकडे घेऊन गेला. वकील जुने होते, निजामाच्या काळात उर्दूत कज्जे चालवलेले. मी सांगितलं की माझ्या नवऱ्याने माझ्यावर लग्न केलं आहे, मी डोळ्यांनी पाहिलं आहे, मला फिर्याद करायची आहे. त्यांनी कुणाशी केलं म्हणून विचारलं. मी रुईशी म्हटलं. भाऊ खिडकीबाहेर बघायला लागला. वकील हसले नाहीत, पण त्यांनी चष्मा काढून बराच वेळ पुसला.

मग त्यांनी मला समजावून सांगितलं, आणि ते मला आजही जसंच्या तसं आठवतं. म्हणाले, "बाई, दिवाणी वेगळी आणि फौजदारी वेगळी. तुम्ही कापूस एका व्यापाऱ्याला कबूल केला आणि दुसऱ्याला घातला, तर ते बेकायदा. तो दिवाणीत दावा लावील, पण तुम्हाला बेडी पडणार नाही. त्याच्या गाडीतला कापूस काढून घेतला तर ती चोरी. ती फौजदारी." आणि उलटही असतं म्हणाले. मुलगी लहान असताना लग्न लावलं तर लावणाऱ्याला शिक्षा होते, पण लग्न टिकतं. दुसऱ्या बायकोच्या बाबतीत नव्या कायद्याने दोन्ही केलं आहे. ते लग्न लग्नच नाही, ती बाई कायद्याने कुणाचीच बायको नाही, आणि वर तो गुन्हाही आहे. पण घडल्यावर. घडायच्या आधी कुणाला धरता येत नाही.

"आन् रुईचं काय?" मी विचारलं.

रुईचं काहीच नाही, म्हणाले. ते बेकायदाही नाही आणि गुन्हाही नाही. कायद्याच्या दृष्टीने काल तुमच्या बांधावर काहीच घडलेलं नाही.

हे मला सगळ्यात जास्त लागलं. मी जे पाहिलं, ते हसणं, ती रेशमात ओवलेली पोत, यातलं काहीच घडलेलं नव्हतं. जे घडायचं होतं ते घडेपर्यंत मी चूल पेटवत थांबायचं, ती उंबरठा ओलांडून आत आली की मग फिर्याद करायची आणि मालकांना तुरुंगात घालायचं. मला ते तुरुंगात नको होते. मला ते घरात हवे होते, बोरीकडे पाठ करून. असा कुठला कायदा आहे का, हे मी विचारलं नाही. नसणार हे दिसतच होतं.

उठता उठता मी एवढंच विचारलं की नवऱ्याने बायकोला मारून टाकलं तर ते कशात येतं.

"फौजदारी," वकील म्हणाले. "सरळ फौजदारी. कुठल्याही माणसाला मारलं तरी."

त्यातलं पहिलं वाक्य मी पदरात बांधून घेतलं. माणसाचं वाक्य तिथेच ठेवून आले.

तिसऱ्या दिवशी सकाळी मंडळी बांधावर आली तेव्हा मी रुईला टेकून बसलेली होते. मालकांच्या हातात कुदळ होती. सासरे होते, भटजी होते, रुईचा बाप झालेला म्हातारा होता आणि बोरीला जायला निघालेले चारदोन गाववाले होते. गाडी जुंपून उभी होती. मालकांनी विचारलं, "तू काय करायलीस हितं?"

मी म्हटलं, माझ्या सवतीजवळ बसले आहे. आणि मग सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं की मी काल जिंतूरला जाऊन वकिलाला विचारून आले आहे. बायकोला मारणं फौजदारीत येतं. ही यांची लग्नाची बायको आहे. अंतरपाट धरला, कन्यादान झालं, अख्ख्या गावाने अक्षता टाकल्या. आता हिच्या मुळावर कुदळ घातली तर मी साक्ष द्यायला मोकळी आहे.

"झाड हाय गं ते," मालक म्हणाले.

"झाड हाय तर मंग परवा लगीन कुनाशी लागलं?" मी म्हटलं. "लागलं नसंल तर बोरीची तिसरी हाय. जावा, आना."

 वकील हा शब्द बांधावर पहिल्यांदाच आला होता आणि फौजदारी हा शब्द तर कुणालाच आवडत नव्हता. चोरवाटेने साखर आणताना सासऱ्यांना कधी घाम फुटला नव्हता, तो आता फुटला. त्यांनी भटजींकडे पाहिलं. भटजी चाचरत म्हणाले की लग्न लागलं हे तर खरंच, ते लागलं नाही असं मी कसं म्हणू, माझ्याच तोंडून मंत्र गेले आहेत. मग सगळे रुईच्या बापाकडे वळले. म्हातारा दोन पावलं मागे सरकला. "मी कन्यादान करून बसलो बाबा," तो म्हणाला. "लेक दिली ती दिली. मला त्यात बोलायचं न्हाई."

मालक कुदळ घेऊन तसेच उभे होते. त्यांना भीती कशाची होती ते मला नीट दिसत होतं. उपटावी तर फौजदारी, न उपटावी तर बोरीची मुलगी येऊन मरणार किंवा ते तरी मरणार. निदान पोत तरी काढून घ्यावी म्हणून ते वाकले. मी बुंध्याला मिठी मारली. नवरा जिवंत असताना बायकोची पोत काढतात का, असं भटजींनाच विचारलं. भटजींनी आपली पळी-पंचपात्र आवरायला घेतली.

शेवटी सासरेच म्हणाले, "कुदळ ठिव खाली."

गाडी सोडली. बैलांना वैरण टाकली. बोरीला निरोप गेला की मुहूर्त हुकला. पाठोपाठ कासारणीच्या तोंडून हेही गेलं की मुलगी तिथे बायको ठरणार नाही, वकिलाने सांगितलं आहे. हे कासारणीला कुणी सांगितलं असेल ते मी सांगायला नको. मुलीच्या बापाने पुढच्या पंधरवड्यातच देवगाव फाट्याकडचं एक स्थळ पक्कं केलं. लग्नही लागलं. मी त्या दिवशी घरात पुरण घातलं आणि पहिलीच्या टाकाला नैवेद्य दाखवताना तिला सांगितलं की आपण दोघींनी तिला बाहेर ठेवलं.

मी जिंकले असं गाव म्हणायचं. बायका पाण्याला जाताना मला बघून हसायच्या, त्यात कौतुक होतं. मालकांनी मला मारलं नाही, शिव्या दिल्या नाहीत. ते फक्त गप्प झाले. पेंडीचा धंदा सासऱ्यांकडे दिला आणि दिवसभर वावरात राहायला लागले. मला आधी बरं वाटलं. मग माझ्या लक्षात आलं की दुपारची भाकरी ते रुईजवळ बसून खातात. आमच्या विहिरीवर चांगलं जुनं कडुलिंबाचं झाड होतं, त्याची गार सावली सोडून रुईजवळ. रुईला सावली ती काय असणार. पण पाठ लिंबाकडे आणि तोंड बोरीकडे करून ते तिथेच बसायचे.

मला दुहेरी जाच झाला. रुई वाळली तर तिसरी मेली असं धरून उद्या आणखी कुणाला आणतील, ही धास्ती. म्हणून उन्हाळ्यात मी तिला पाणी घालायला लागले. रुईला पाणी लागत नाही, शेळीसुद्धा तिला तोंड लावत नाही, ती खडकातही वाढते. तरी मी विहिरीवरून घागर आणून ओतायचे आणि ओतताना तिला शिव्या द्यायचे. मी शिव्या देईन आणि ती आणखी तरारेल. तिला जांभळट फुलं आली तेव्हा मालकांनी त्यातली खुडून महादेवाला नेली. माझ्या परसातली जास्वंद त्यांनी जन्मात कधी देवाला नेली नव्हती.

पोत तशीच होती. गावात कुणी तिला हात लावला नसता, तिसरीचा दागिना कोण घेईल. वाट्या उन्हात चमकायच्या. एका दुपारी मी भाकरी घेऊन गेले तर मालक आधीच तिथे बसलेले. मी येताना त्यांना दिसले नाही. त्यांनी त्यातली एक वाटी दोन बोटांत धरली होती आणि अंगठ्याने तिच्यावरची धूळ पुसत होते. हळू, डोळ्यात गेलेलं कुसळ काढावं तसं. मी उभी राहिले, मग तशीच मागे फिरले आणि लांबून हाक मारत पुन्हा आले. ते हात झटकून उठले. भाकरी खाल्ली. मिरची जास्त झाली म्हणाले.

बोरीची ती मुलगी देवगाव फाट्याकडे नांदत होती, एव्हाना तिला दिवसही गेले असतील. कायद्याने तिचा न् यांचा काही संबंध नव्हता, रीतीने नव्हता, तोंडदेखला बोलण्याचाही नव्हता. मालकांनी बेकायदा काही केलं नव्हतं आणि गुन्हा तर नाहीच. एक वाटी पुसली होती. त्याला ना दिवाणी, ना फौजदारी. माझ्या अंगाची मात्र आग आग झाली.

ते मोट धरायला गेले तेव्हा मी रुईजवळ गेले आणि पोत सोडली. दोरा बुंध्यात रुतला होता, ओढताना साल निघाली आणि पांढरा चीक माझ्या बोटांवर आला. माझी गाठी मारलेली पोत काढून कनवटीला लावली आणि ही गळ्यात घातली, पहिलीच्या टाकाशेजारी. तिसरीचं वाईट लागेल अशी भीती मला वाटली नाही. मी मेलेलीला घेऊन आधीच इतकी वर्षं फिरत होते.

दिवेलागणीला मालक जेवायला बसले. मी वाकून भाकरी वाढली तेव्हा वाट्या पुढे आल्या आणि चिमणीच्या उजेडात त्यांना दिसल्या. घास हातात राहिला. मुली शेजारीच जेवत होत्या. त्यांनी घास परत ताटात ठेवला. मग ताटाकडे बघत म्हणाले, "ती तिची व्हती."

रुईची म्हणाले नाहीत. मुहूर्त हुकल्यापासून जे नाव या घरात कुणी काढलं नव्हतं ते त्यांनी न काढताच काढलं.

मी तव्यावरची भाकरी उलटली. चोरी फौजदारीत येते, हे मला वकिलांनी शिकवलेलं होतं.

"मंग करा फिर्याद," मी म्हटलं.

त्यांनी केली नाही. पुढे ते विहिरीवर लिंबाखाली बसून भाकरी खायला लागले, तोंड मात्र त्याच बाजूला. पोत माझ्या गळ्यात राहिली. वाट्यांवर धूळ बसली की मीच पुसते.